हिरव्या दोऱ्याचं दूध

स्स्स असा एक बारीक आवाज स्वयंपाकघरातून आला आणि थांबायचं नाव घेईना.

भर दुपार होती. घरात इतकं सामसूम की भिंतीवरच्या घड्याळाचा काटासुद्धा ऐकू यावा. मी बाळंतिणीच्या खोलीत बाजेवर पडले होते. कान बांधलेले, खिडकी बंद, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, आणि बाहेर तासगावचं एप्रिलचं ऊन. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, कुकरचं झाकण नीट बसलेलं नाही. मला तसं वाटलं नाही. मी आयटीआयला फ्रीज आणि एसीचं काम शिकले, आमच्या बॅचला मुलगी मी एकटीच. पुढे एका सर्व्हिस सेंटरवर पोट सातव्या महिन्यात जाईपर्यंत मी हेच काम करत होते. फ्रीजरच्या पत्र्याला भोक पडलं की गॅस असाच जातो.

"आत्या, गॅसची शेगडी बंद करा," मी पडल्या पडल्याच ओरडले. "खिडकी उघडा. काडी ओढू नका."

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. हल्लीच्या फ्रीजमधला गॅस पेट घेतो, थोडाच असतो पण घेतो, आणि माझ्या बाजेखाली निखारे फुललेले. मी उठले. टाके ओढले गेले. शेगडी फडक्यात धरून मागच्या दारातून परड्यात नेऊन ठेवली, ओसरीतला मेन स्विच पाडला आणि तशीच स्वयंपाकघरात गेले. बाळंतीण झाल्यापासून त्या खोलीत मी पाऊल टाकलं नव्हतं. टाकायचं नसतं, सव्वा महिना.

आत्या उघड्या फ्रीजसमोर उभ्या होत्या. हातात उलथणं. दोन्ही खिडक्या मात्र त्यांनी उघडल्या होत्या.

"तू कशाला उठलीस? वारं लागंल."

"उलथण्यानं बर्फ काढत होता?"

"आतलं दार लागंना. म्हटलं जरा खरवडून काढावा. कोपऱ्याला टोचलं न् शिट्टीच वाजाय लागली." त्यांनी फ्रीजकडे बघितलं. "बंद पडंल का गं?"

"पडला."

आवाज तेवढ्यात थांबला. जायचं तेवढं गेलं होतं.

फ्रीजरचा तो पत्र्याचा डबा नुसता कप्पा आहे असं सगळ्यांना वाटतं. खरं तर थंड करणारं यंत्र तोच डबा असतो. त्याला इव्हॅपोरेटर म्हणतात. दोन पत्रे एकमेकांना चिकटवून मधे नागमोडी वाट ठेवलेली असते, बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. त्या वाटेत पातळ झालेला गॅस येतो आणि एकदम मोकळा होऊन उकळायला लागतो. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या मनगटावर स्पिरिटचा बोळा फिरवला होता आणि म्हणाले होते, फुंका. मनगट गार पडलं. "थंडी नावाची वस्तू जगात नाही," सर म्हणाले. "काही उडून जायचं, उकळायचं म्हटलं की त्याला उष्णता लागते. ती ते शेजारच्याकडून ओढून घेतं. शेजारी गार पडतो. संपला तुमचा फ्रीज." बाहेरून बर्फ आणि आत उकळी, हे मला तेव्हा फार आवडलं होतं.

आणि आत्यांनी त्या वाटेवरच उलथणं मारलं होतं.

पण मी भोकाकडे बघत नव्हते. मी बर्फाकडे बघत होते. चार बोटं जाड होता. मी दवाखान्यात जायच्या आधी स्वतः फ्रीजर कोरडा करून गेले होते. बर्फ आकाशातून येत नाही. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत जाते, तिच्यातलं पाणी त्या पत्र्यावर गोठतं. आत्यांना वाटायचं जितका बर्फ जास्त तितका फ्रीज जोरात. उलट असतं. बर्फाची गोधडी पांघरली की त्या पत्र्याला दुधाची उष्णता ओढताच येत नाही. हे मी त्यांना आधीही सांगितलं होतं.

"एवढा बर्फ कसा झाला? दिवसात कितीदा उघडता फ्रीज?"

"लागंल तवा."

"भाजी तुम्ही ताजी आणता. पाणी माठातलं पिता. लागतं कशाला?"

त्या फ्रीजरमध्ये माझं दूध होतं.

जुळ्या मुली झाल्या होत्या मला, सातव्या महिन्यात. दोघी सांगलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होत्या. थोरली खिडकीकडची, धाकटी दाराकडची. मला तिथेच राहायचं होतं, पण घरच्यांनी सव्वा महिन्याचा धोशा लावला. वारा लागेल, अंग सुजेल, जन्माचं दुखणं लागेल. माहेरी आई नाही, बोलायला कुणी नाही. मी आले. दवाखान्यातल्या सिस्टरनी दूध काढायचा पंप आणि छोट्या बाटल्या दिल्या आणि कसं गोठवायचं ते शिकवलं. मी दर तीन-चार तासांनी बसायची. थोरलीच्या बाटलीला पिवळा दोरा, धाकटीच्या बाटलीला हिरवा. दोरे मी माझ्या हातानं बांधायची. आत्या बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या, आणि भरतेश, माझा नवरा, कामावर जायच्या आधी मोटारसायकलवरून सांगलीला नेऊन द्यायचा. संध्याकाळी दारात उभा राहून म्हणायचा, "दोघी बऱ्या आहेत." आत यायचा नाही, कारण बाळंतिणीच्या खोलीत यायचं नसतं.

मी फ्रीजरमध्ये हात घातला.

"राहू दे," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी हात आडवा घातला. "गार लागंल तुला. मी काढते."

"सरका."

"तिरशला, ऐक माझं."

त्रिशला म्हणायला त्यांना कधी जमलं नाही. मी त्यांचा हात बाजूला केला. पुढे आज सकाळच्या दोन-चार बाटल्या होत्या. त्यांच्यामागे बर्फात रुतलेली एक रांग. तिच्यामागे आणखी एक. अगदी तळाशी, पत्र्याला चिकटलेल्या, आणखी. बर्फ काचेसारखा झाला होता, त्यातून दोरे स्वच्छ दिसत होते.

हिरवे. सगळे हिरवे. मागच्या रांगांत एकही पिवळा नाही.

"ह्या का गेल्या नाहीत?"

"धाकटीला कमी लागतंय, असं म्हणाला भरतेश."

"कमी म्हणजे? एकही गेलेली नाही, आत्या. ही बघा, ही मी घरी आले त्या आठवड्यातली. गाठ माझीच आहे. तेव्हा हिरवा दोरा संपला म्हणून मी पोलक्याचा काढून बांधला होता."

आत्यांनी उलथणं ओट्यावर ठेवलं. पदरानं हात पुसले, पुसलेलेच परत पुसले. मग त्या खाली फरशीवर बसल्या.

"कधी?" मी विचारलं.

"त्याच आठवड्यात."

फ्रीजरमधून एक थेंब खालच्या ताटलीत पडला.

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"तुला सोडून."

"का?"

"दूध आटलं असतं तुझं," त्या म्हणाल्या. "माझ्या जावेचं आटलं होतं. सांगितलं न् दुसऱ्या दिवशी छाती कोरडी. मग जी राहिली तिला काय पाजायचं होतं? डब्याची पावडर? सातव्या महिन्याच्या लेकराला? मीच म्हटलं भरतेशला, सव्वा महिना काढ कसाबसा, मग सांगू."

"आणि हे ठेवलं कशाला?"

"टाकू कुठं?" त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलल्या. "मोरीत ओतू? दूध हाय ते. तुला कसं दुखतंय काढताना, बघते की मी. थोरलीला द्यावं म्हटलं, तर गेलेल्याच्या वाटणीचं जित्याच्या तोंडात घालत न्हाईत. ठेवत गेले मागं मागं. रोज ठरवायची, आज काढू. दार उघडायची, बघायची, लावायची. आज आतलं दारच लागंना. म्हटलं, तू झोपलीयास तवर काढून आंब्याच्या बुडात घालावं."

म्हणजे एवढा बर्फ त्यांच्या रोजच्या बघण्यानं झाला होता.

मला रडू आलं नाही. लोक अजून विचारतात, तेव्हा काय वाटलं. मला त्या क्षणी एवढंच दिसत होतं की फ्रीज मेला आहे, बाहेर एप्रिल आहे आणि बाटल्या अजून दगडासारख्या आहेत. अजून. ह्या घरानं माझी एक मुलगी माझ्याशिवाय पोचवली होती. तिचं दूध ते माझ्याशिवाय पोचवणार नव्हते.

"पाण्याचा मोठा जार काढा," मी म्हणाले. "लग्नात वापरतो तो, रुंद तोंडाचा. आणि खडेमीठ."

"काय करणार हाईस?"

"सांगलीला नेणार."

"कुणाकडं?"

"थोरलीकडं."

"आगं, ते हिरवं..." आत्या उठल्या. "ते तिला द्यायचं न्हाई. सांगितलं न्हवं आत्ता? आणि तू कुठं निघालीस? सव्वा महिना झाला न्हाई. उंबरा ओलांडायचा न्हाई."

"आत्या, मला घरात बसवून तुम्ही काय काय केलंत ते मी बघितलं. आता मी बाहेर जाऊन काय करते ते तुम्ही बघा."

त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. अडवण्याइतक्या आडव्या नव्हत्या, पण वाटेत होत्या. मी ओट्यावरचा तांब्या घेऊन गार पाणी बर्फावर सोडलं. बर्फ असा काढतात, उलथण्यानं नाही. बाटल्या एकेक सुटत गेल्या. मी जुन्या साडीत गुंडाळत गेले.

कोपऱ्यावर इलाहीभाईंची रसवंती होती. उसाच्या रसाला लागतो तो बर्फ त्यांच्याकडे भुशात, गोणपाटात झाकून ठेवलेला असायचा. कान बांधलेली, पोट बांधलेली मी जार कमरेवर घेऊन तिथे उभी राहिले, तेव्हा त्यांनी चरक थांबवला.

"वैनी, बाळंतपणात रस? आत्या मारतील मला."

"बर्फ द्या. आहे तेवढा."

"बर्फ खाऊ नये हो."

"खायचा नाही. दूध न्यायचंय लेकीला."

त्यांनी गोणपाट ओढून काढलं. लादी फोडून दिली, तुकडे स्वतः जारमध्ये घातले. मी थरावर थर दिला, बर्फ, खडेमीठ, बाटल्या, परत बर्फ. कुल्फीवाले करतात तसं. मिठानं बर्फ भराभर वितळतो, आणि वितळायलाही उष्णता लागतेच, ती तो शेजारच्याकडून ओढतो. पाईप नाही, कॉम्प्रेसर नाही, पण काम तेच. सांगलीपर्यंत पुरलं पाहिजे एवढंच.

मी स्टँडकडे वळले तर मागून चपला फटफटत आल्या. आत्या. मला वाटलं, आता रस्त्यात तमाशा. त्यांनी माझा सुटलेला स्कार्फ हनुवटीखाली करकचून बांधला.

"कान तरी झाक," म्हणाल्या, आणि परत फिरल्या.

वडापची जीप भरलेली होती. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघून पुढच्या सीटवरच्या एका आजोबांना मागे सरकवलं. जार मी मांडीवर घेतला. गारवा मांड्यांतून पोटापर्यंत चढला, टाके बधिर झाले. आजोबा मागून वाकून बघत होते.

"कुल्फी का बाई?"

"दूध."

"गार करून नेताय? कुठल्या डेअरीचं?"

"माझं."

आजोबा सरळ होऊन बसले. कवठे एकंद आलं. मग एक बाई म्हणाली, "ड्रायव्हर, जरा दामट की."

वॉर्डाच्या दारात भरतेश उभा होता. आत्यांनी फोन केला असणार. अंगावर कामाचा शर्ट, केस वाऱ्यानं उडालेले. मला बघून त्यानं जार घ्यायला हात पुढे केला. मी दिला नाही.

"कुणी सांगितलं तुला? आई बोलली?"

"फ्रीजनं सांगितलं."

त्याला कळलं नाही. मग कळलं.

"मी रोज सांगायचं ठरवून यायचो," तो म्हणाला. "दारापर्यंत यायचो. तू पंप घेऊन बसलेली असायचीस."

"आणि म्हणायचात, दोघी बऱ्या आहेत. हसून म्हणायचात. एकदा तर म्हणालात, धाकटीनं डोळे उघडले."

तो भिंतीकडे बघायला लागला. त्याचा चेहरा किती उतरला होता ते मला तेव्हा दिसलं. दिसलं, पण मी थांबले नाही.

"कुठे ठेवलं तिला? ते मला तुम्ही दाखवणार आहात. आज नाही. आज बाजूला व्हा."

सिस्टरनी जार उघडला. एकेक बाटली दाबून, उजेडात धरून बघितली. बहुतेक अजून टणक होत्या, त्या त्यांनी त्यांच्या डीप फ्रीजरमध्ये हलवल्या. काही कडेनं सुटायला लागल्या होत्या. "ह्या आज-उद्यात वापरू." अगदी तळाच्या, सगळ्यात जुन्या त्यांनी वेगळ्या काढल्या. "घरच्या फ्रीजरमधलं एवढं जुनं मी नाही देणार हं. वाईट वाटून घेऊ नका." त्या मी परत मागून घेतल्या.

मग त्यांनी हिरव्या दोऱ्याला बोट लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ह्या बेबी टूच्या ना?"

"आई म्हणत होती, ते थोरलीला देऊ नये," मागून भरतेश म्हणाला. जोर नव्हता त्यात. निरोप पोचवावा तसा म्हणाला.

मी त्या सुटायला लागलेल्या बाटल्यांतली एक घेतली, दातानं दोरा तोडला आणि बाटली सिस्टरच्या हातात दिली. दुसरी घेतली, तिचाही तोडला. ओठांना बर्फ लागत होता.

"हे कुणाच्या वाटणीचं नाही," मी म्हणाले. "दूध माझं आहे. कुणाला द्यायचं ते मी सांगणार."

सिस्टरनी ते कोमट पाण्यात ठेवून ऊन केलं. थोरली तेव्हा नुकती चमच्यानं घ्यायला लागली होती. माझ्या तळव्याएवढं तोंड, कपाळावर म्हाताऱ्या माणसासारख्या आठ्या. चमचा ओठांना लावला तसं तिनं तोंड वाकडं केलं, थोडं गालावरून ओघळलं. मी परत लावला. तिनं गिळलं. मी परत लावला.

त्या दिवसानंतर तिला घेऊनच मी घरी गेले. तोवर वॉर्डाबाहेरच्या बाकावर झोपले, नळाच्या गार पाण्यानं तोंड धुतलं, वारा लागायचा तेवढा लागू दिला. भरतेश रोज डबा आणायचा. मी डबा घ्यायची, बोलायची नाही. बोलायला लागले ते त्यानं मला धाकटीची जागा दाखवली त्या दिवशी, आणि तेही लगेच नाही.

आत्या दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या. एकट्या, त्याच वडापनं, आळिवाची खीर घेऊन. बाकावर माझ्या शेजारी बसल्या. नजर वॉर्डाच्या काचेकडे.

"दिलंस?"

"दिलं."

"हिरवं?"

"हिरवं."

त्यांनी खिरीच्या डब्याचं झाकण काढलं, परत लावलं.

"पचलं का?"

"पचलं."

मग त्यांची नजर बाकाखालच्या पिशवीकडे गेली. सिस्टरनी परत दिलेल्या बाटल्या होत्या तिच्यात. "ह्या मला दे," म्हणाल्या. मी दिल्या. दवाखान्याच्या आवारात एक बदामाचं झाड होतं. त्या तिथे गेल्या, चपला काढल्या आणि एकेक बाटली बुडाशी ओतली. सगळ्या ओतून झाल्यावरही बराच वेळ तशाच उन्हात उभ्या राहिल्या. मी वरच्या मजल्यावरून बघत होते. खाली गेले नाही.

थोरली म्हणजे आमची आर्जवी. आता पहिलीत आहे. तिला हे सांगायचं नाही असं घरात ठरलेलं होतं. आत्या म्हणायच्या, लेकरू घाबरंल. भरतेश म्हणायचा, मोठी होऊ दे, मग बघू. दोघांचंही मन चांगलं. पण आमच्या घरात चांगल्या मनानं एकदा एक गोष्ट झाकून झाली होती. परवा रविवारी तिला न्हाऊ घातलं, पायरीवर पुढ्यात घेतलं आणि वेणी घालता घालता सगळं सांगितलं. आत्या आतून ऐकत होत्या. अडवायला आल्या नाहीत.

आर्जवी हालचाल न करता ऐकत होती, एरवी वेणी घालताना एक मिनिट स्वस्थ बसत नाही.

"म्हणजे तिचं दूध मी प्याले?"

"हो."

"सगळं?"

"थोडं झाडाला घातलं. बाकी सगळं तूच."

"चव वेगळी होती?"

"नाही गं. एकाच ठिकाणचं होतं."

तिनं पायरीवरचा एक मुंगळा काडीनं वळवला, परत सरळ केला. मी दुसऱ्या बाजूचे केस हातात घेतले. तिनं मान वळवली तसे ते माझ्या हातातून सुटले.

"आई, ती गेली तेव्हा तिला भूक लागली होती?"